घरच्या माणसाला लावायचा नाही असा शब्द

बाई, एका शब्दावरून तुम्ही मला भर वर्गात उभं केलं होतं. इतक्या वर्षांनी तोच शब्द माझ्या घरात शिरला आणि मी त्याच्याशी भांडून बसले आहे. शब्दाशी, आणि तो उच्चारणाऱ्या सगळ्यांशी. ज्यांच्याशी भांडले त्यांना माझं म्हणणं समजलं नाही. तुम्हाला समजलं असतं, म्हणून तुम्हाला लिहिते. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली आहेत, ती रद्दीत घालवण्यापेक्षा हे बरं. शुद्धलेखनाच्या चुका निघतील. मॅट्रिकनंतर मी किराण्याच्या यादीशिवाय फार काही लिहिलेलं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मी दहावीत. घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर निबंध लिहून आणायचा होता आणि मी आजोबांवर लिहिला होता. इतिहासाच्या पुस्तकात साम्राज्याचा उदय आणि ऱ्हास असा धडा होता. त्यातला ऱ्हास हा शब्द मला फार आवडला होता. लिहायला अवघड, बोलायला अवघड, म्हणजे नक्कीच मोठ्या माणसांचा शब्द. मी लिहिलं, "गेल्या दोन वर्षांपासून माझ्या आजोबांचा क्रमाक्रमाने ऱ्हास होत आहे." तुम्ही ते वाक्य मोठ्याने वाचलंत, चष्मा नाकावर खाली ओढलात, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कुठल्या साम्राज्याचे गं तुझे आजोबा?" वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "तिना बाबा बादशहा शे!" तुम्ही तिलाही उभं केलंत. तिच्या अहिराणीसाठी मात्र तिला काही बोलला नाहीत. दुसऱ्या कुठल्याही बाईंनी तिच्या हातावर पट्टी मारली असती.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. पांझरा नदी ओलांडून अलीकडे घरी जायची माझी घाई, घरी पाणी भरायचं असायचं, पण तुमच्यापुढे नाही म्हणायची हिंमत नव्हती. धुळ्याच्या देवपुरातली तुमची ती भाड्याची खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, स्टोव्हचा वास. तुम्ही पुण्याकडच्या, एकट्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या. वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून तुम्ही तव्यावर थालीपीठ थापलंत. मी आयुष्यात पहिल्यांदा थालीपीठ खात होते आणि आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपेक्षा ते बरं लागतं असं मला वाटलं, हे मी आईला कधी सांगितलं नाही. थालीपीठ उलटताना तुम्ही म्हणालात, "शब्द चुकलेला नाही. हळूहळू कमी होत जाणं, उतरत जाणं, अर्थ बरोबर आहे. पण तो राहतो कुठे ते बघ. जंगलाचा ऱ्हास, कलांचा ऱ्हास, नीतीचा ऱ्हास. म्हणणारा लांब उभा असतो, हात मागे बांधून. तू आजोबांपासून किती लांब उभी असतेस?"

मी म्हटलं, "मी त्यांना रोज आंघोळीचं पाणी काढून देते."

"मग तुला तो शब्द वापरता येणार नाही."

"मग काय लिहू?"

"आई काय म्हणते घरी?"

मी आवाज खाली केला. "बाबा थकी गयात, असं म्हणते."

"मग तेच लिही. आजोबा थकले आहेत."

"ते फार साधं वाटतं, बाई."

"थालीपीठही साधंच आहे. खा."

नंतर तुम्हालाच त्या विषयाची गोडी लागली. ताप ओसरतो, पूर ओसरतो, म्हणजे जे चढलं होतं तेच ओसरतं. आजारी माणूस खंगतो. प्रकृती खालावते, पण ते डॉक्टरांनी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायचं, घरच्यांनी एकमेकांत नाही. आणि झिजतं ते वापरातलं. तुम्ही तुमचं लाटणं हातात घेऊन दाखवलंत, मधे किती बारीक झालं होतं ते. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून मी निघाले तेव्हा तुम्ही खिडकीतून ओरडून सांगितलंत, "आणि फुलं कोमेजतात. माणसांना तेही लावू नकोस!" रस्त्यावरचे दोघेतिघे माझ्याकडे बघायला लागले.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण संसारात त्याचं काम पडलं नाही. लग्न होऊन जळगावला आले. हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. साखळी आणि नकाशे घेऊन गावोगाव जायचे, दोन भावांमधल्या बांधाचा निकाल लावायचे, आणि शिव्या दोन्हीकडच्या खायचे. जळगावातच मेहरूणला, तलावाजवळ, आम्ही घर बांधलं ते यांनी स्वतः मोजून, शेजारच्याची एक वीतही घेतली नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा सकाळी तलावावर फिरायला गेले आणि परत येईनात. ऊन चढलं. मी शोधत गेले तर पलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलेले, टपरीवाल्याला समजावत होते की तलावाची हद्द नकाशात अशी नाही, बांध चुकीच्या जागी आहे. टपरीवाला भला माणूस. मला म्हणाला, "काकू, तासभर झाला, माझी टपरी सरकारी जागेत असल्याचं सिद्ध करताय. घेऊन जा यांना, नाहीतर उठवतील मला." आम्ही दोघंही हसलो. हे पण हसले. घरी येताना गल्ली कुठली हे त्यांनी मला विचारलं, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मग डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो. मुलगा पुण्याहून आला. दवाखान्यातून मराठीत छापलेलं एक पत्रक दिलं होतं, घरच्यांसाठी. तो जेवणाच्या टेबलाशी बसून ते मला वाचून दाखवत होता, मला वाचता येत नाही असं समजून. "या आजारात रुग्णाच्या स्मरणशक्तीचा, आकलनाचा व दैनंदिन क्षमतांचा क्रमाक्रमाने ऱ्हास होत जातो." बाई, माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. 'क्रमाक्रमाने'सकट माझंच वाक्य होतं ते, छापलेलं. हे समोर बसून वरण भात कालवत होते.

मी म्हटलं, "हा शब्द या घरात नको."

मुलगा म्हणाला, "आई, शास्त्रीय शब्द आहे. कुणी शिवी दिलेली नाही."

"पत्रकात असू दे. तुझ्या तोंडात नको."

"मग काय म्हणायचं लोकांना?"

"थकलेत म्हण."

त्याने पत्रकाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो, आई." तुमचा शब्द मी पुढे केला आणि तो पहिल्याच वेळी अपुरा पडला, याचा मला तुमच्यावरही राग आला.

आणखी एक झालं. हे आयुष्यभर मुलाशी शुद्ध बोलले. गावाकडची बोली कचेरीत चालायची नाही, म्हणून घरातही आणली नाही. आता ती आपोआप तोंडात यायला लागली. मुलाला म्हणतात, "आठे ये. काय करी ऱ्हायना तू?" त्याला अर्धं समजत नाही. त्याने डॉक्टरांना लक्षण म्हणून सांगितलं की बाबांची भाषा बिघडली आहे. मी मधेच बोलले, "भाषा बिघडली नाही, डॉक्टर. आईच्या मांडीवर शिकलेली ती वर आली आहे." डॉक्टरांनी मान हलवली, काय लिहिलं कोण जाणे. पण खरं सांगते, चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला अहिराणीत हाक मारली नव्हती. आता मारतात. ही कशातली घट धरायची?

माझं भांडण पेटलं ते आखाजीवरून. तुम्हाला आमची आखाजी नवी होती, पहिल्या वर्षी तुम्ही विचारलं होतं की अक्षय्य तृतीयेचं इकडे एवढं काय. आम्ही त्या दिवशी पितरांची घागर भरतो. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर म्हणजे तुमचं खरबूज, आंबा, गोड सारणाची सांजोरी. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकत एकेका पितराचं नाव घ्यायचं. हे काम घरातल्या थोरल्या पुरुषाचं. सासूबाई गेल्यापासून आमच्याच घरी घागर भरतात, हेच भरतात, आणि गावाहून धाकटे दीर जाऊबाईंना घेऊन येतात. यंदा आठ दिवस आधी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, यंदा घागर मी भरसू. दादाले आते काही समजत नही. नावं चुकनात तर? पितरसनं काम शे."

मी देवाधर्माचं मानणारी बाई आहे. एकादशी चुकवत नाही, पोथीचा नेम मोडत नाही, आणि पितरांचं काही चुकू नये ही भीती मलाही आहे. पण मला त्या फोनमधून दुसरंच ऐकू आलं. आज घागर घेतली की उद्या घरातलं कुठलंच काम यांना विचारून होणार नाही. पाहुणे नमस्कार यांना करतील आणि बोलतील दुसऱ्याशी. माणूस खुर्चीत बसलेला असताना घरातून जातो, ते असं. मी म्हटलं, "भाऊजी, घागर थोरल्याची. थोरला घरात आहे."

"आनि नाव चुकनं तर?"

"तर पितर सांभाळून घेतील. त्यांचाच मुलगा आहे."

"तुम्हीन हट्ट करी ऱ्हायनात, वहिनी."

"हो, करतेय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या आठ दिवसांत मी नावं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहिली, पणजोबांपासून खाली, आणि यांच्यापुढे ठेवली. यांनी कागद वाचला, घडी केली आणि मला परत दिला. "माले काय शाळामा बसाडस का?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. देवापुढे मात्र रोज काढला.

आखाजीच्या दिवशी भाऊजी भर उन्हात मोटारसायकलवरून आले, मागे जाऊबाई, आंब्याची पिशवी. दुसऱ्या पिशवीतून त्यांचं धोतर डोकावत होतं. घागर आपल्याला भरावी लागणार याची तयारी करूनच आले होते. मुलगाही आला होता, तो भिंतीला टेकून मोबाइल उलटा सुलटा करत उभा. यांना मी पाटावर बसवलं. सकाळपासून स्वारी खुशीत होती. घागर पुजली, कुंकवाची बोटं बरोबर ओढली, निखारा फुंकून लाल केला. पहिला घास टाकला आणि वडिलांचं नाव घेतलं. मग आजोबांचं. मग पणजोबांचं. आईचं नाव घेताना जरा थांबले, मला वाटलं विसरले, पण त्यांना धूर लागला होता. खोकले आणि घेतलं. आजी, पणजी, सगळी नावं घेतली, क्रमही चुकला नाही. मी भाऊजींकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं बघितलं.

यांनी आणखी एक घास उचलला. तूप घातलं. निखाऱ्यावर सोडला आणि स्पष्ट आवाजात धाकट्या भावाचं नाव घेतलं.

धूर वर गेला. जाऊबाईंनी पदर तोंडावर धरला. "अरे देवा! जित्ता माणूसनं नाव लिधं!" भाऊजींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. साठीचा माणूस, शेतात साप मारणारा, भिंत धरून उभा राहिला. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "बघ आई. आता काय म्हणशील याला?" आखाजीच्या दिवशी, पितरांच्या रांगेत, जिवंत माणूस!

तेवढ्यात यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. भाऊजींना नीट निरखून बघितलं आणि आनंदाने म्हणाले, "हाई काय, तू तर आठेच शे! मंग इतला दिन कोठे गयथा?"

बाई, भाऊजी गेल्या आखाजीनंतर आमच्या घरी आलेच नव्हते. वर्षभर फोन करायचे, फोनवर माझ्याशी बोलायचे, दादाची तब्येत मला विचारायचे. अंतर तासाभराचं. दर आठवड्याला बाजाराला जळगावात येतात, मला माहीत आहे. जो भाऊ वर्षभर दिसला नाही, त्याचं काय समजायचं? यांनी त्यांच्या परीने हिशेब केला आणि मोठेपणाने त्याच्याही नावाचा घास टाकला.

भाऊजी खाली बसले, यांच्या पाटाशेजारी, जमिनीवरच. मग म्हणाले, "मी जित्ता शे, दादा."

"मंग खा ना," हे म्हणाले आणि ताटातली पोळी त्यांच्यापुढे केली. "आगमा कसाले टाकू?"

भाऊजींनी खाल्ली. डोळे पुसत, धुराने पुसतोय असं दाखवत. जाऊबाईंना आधी रडू आलं आणि मग हसू, आणि ते आवरेना. "मी म्हणत होतू ना, जाई येवा, जाई येवा!" असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला. धोतर पिशवीतच राहिलं. मुलाला मी सांगितलं, "तू विचारलंस ना, याला काय म्हणशील. मी याला चूक म्हणते. चूक माणसाच्या हातून होते. पण वर्षभर कुणी फिरकलं नाही, त्याला तुझ्या पत्रकातला शब्द लाव हवं तर, तिथे शोभेल." जेवताना बापाला त्याने स्वतः आमरस वाढला आणि विचारलं, "बाबा, आठे म्हणजे इथे ना?" हे म्हणाले, "इतलंबी समजत नही तुले?"

मी घाबरले नव्हते असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मारुतीला तेल वाहून आले, भाऊजींच्या नावाने. भाऊजी त्यानंतर दोन रविवार आले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. पुन्हा येतील. नाही आले तर मी फोनवर सांगणार आहे की पुढच्या आखाजीला नाव पुन्हा घेतलं जाईल.

आता तुमच्याशी भांडण. तुम्ही म्हणालात, थकले लिही. मी लिहिलं, बोलले, पण मुलगा म्हणतो ते खरं आहे, थकवा झोपून जातो आणि हे जात नाही. ओसरणारं नाही, कारण हे चढलेलंच नव्हतं. झिजणं जवळ येतं, पण लाटण्याला आपण झिजतोय हे समजत नाही आणि यांना कधी कधी समजतं, तेव्हा खिडकीशी पाठ करून उभे राहतात. तुम्ही सांगितलेल्यातला एकही शब्द पुरत नाही, बाई. म्हणून मी शब्दच लावायचा सोडला आहे. कुणी विचारलं, कसे आहेत, तर सांगते, आज दाढी स्वतःच्या हाताने केली, गालावर थोडी राहिली. आज शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली. आज मला विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या? मी धुळ्याची सांगितलं तर म्हणाले, धुळ्याच्या बाया भांडखोर. विचारणारा मधेच कंटाळतो. त्याला एका शब्दात हवं असतं. मी देत नाही. ज्याला एवढंच जाणून घ्यायचं असेल त्याने यावं, दोन तास समोर बसावं, चहा मी करते.

हे शेवटचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. हे पत्र कुठे जाणार नाही, वहीतच राहील, तेव्हा लिहायला हरकत नाही. तुमच्या शेवटच्या वर्षात मी देवपुरात एका लग्नाला आले होते. वर्गातली एकजण म्हणाली, बाई आता कुणाला ओळखत नाहीत, पूर्वीच्या राहिल्या नाहीत, जाऊ नकोस, बघवणार नाही. तरी मी केळी घेऊन तुमच्या दारापर्यंत आले. खिडकी उघडी होती आणि आतून तुमचा आवाज येत होता. तुम्ही हजेरी घेत होता. एकेक नाव, मग जरा थांबणं, मग पुढचं. आमचाच वर्ग होता तो. माझं माहेरचं नाव आलं आणि तुम्ही थांबलात. इतरांपेक्षा जास्त थांबलात, असं मला वाटलं. मी खिडकीखाली उभी होते आणि मी काही बोलले नाही. केळी रस्त्यातल्या गाईला घातली आणि गाडी पकडली. घरी यांनी विचारलं, भेटल्या का बाई? मी म्हटलं, दाराला कुलूप होतं.

कुलूप नव्हतं.